मोटारीच्या विम्यामागचे गणित

दुकानदार वही विकतो तेव्हा ती त्याला केवढ्याला पडली हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यात थोडा नफा मिळवून तो किंमत सांगतो. विमा कंपनीचा व्यवहार मात्र उलटा असतो. ती हप्ता आज घेते आणि तो विमा तिला केवढ्याला पडला हे वर्ष संपल्यावर कळते. गाडी वर्षभर सुखरूप चालली तर कंपनीला काहीच द्यावे लागत नाही. मोठा अपघात झाला तर लाखो रुपये द्यावे लागतात. मग हप्त्याचा आकडा कंपनी आणते कोठून?

कोणत्या चालकाला यंदा अपघात होईल हे कंपनीला ठाऊक नसते. ते कोणालाच ठाऊक नसते. तरीही कंपनीचा हिशेब बहुतेक वर्षी बरोबर येतो. हे कसे, ते पाहू या. त्यासाठी तुमच्या शाळेतले संभाव्यतेचे गणित पुरेसे आहे.

एकाचे सांगता येत नाही, हजारांचे सांगता येते

नाणे एकदा उडवले तर छाप पडेल की काटा, हे सांगता येत नाही. पण तेच नाणे दहा हजार वेळा उडवले तर छापांची संख्या पाच हजारांच्या आसपास येणार हे छातीठोकपणे सांगता येते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील याकोब बर्नुली या गणितज्ञाने ही गोष्ट प्रथम सिद्ध केली. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली प्रसिद्ध झाला. या सिद्धांताला मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात. विम्याचा सगळा व्यवसाय या नियमावर उभा आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीकडे १०,००० मोटारींचा विमा आहे. मागील वर्षांच्या नोंदींवरून असे दिसते की वर्षाला दर शंभर गाड्यांमागे ५ गाड्यांसाठी भरपाई मागितली जाते आणि दर वेळी सरासरी ४०,००० रुपये द्यावे लागतात. म्हणजे वर्षाला ५०० दावे आणि २ कोटी रुपये खर्च. तो १०,००० गाड्यांवर वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला २,००० रुपये येतात. याला शुद्ध हप्ता म्हणता येईल.

पण दरवर्षी बरोबर ५०० च दावे येतील का? नाही. संख्याशास्त्र सांगते की ही संख्या बहुतेक वर्षी ४५६ ते ५४४ यांच्या दरम्यान राहील. म्हणजे चढउतार सुमारे नऊ टक्क्यांचा. एवढे कंपनी सोसू शकते. याउलट कंपनीकडे १०० च गाड्या असत्या तर एखाद्या वर्षी १ दावा आला असता आणि एखाद्या वर्षी ९. अशी कंपनी लवकरच बुडाली असती. गाड्या शंभर पट वाढल्या की चढउताराचे प्रमाण शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहा पटीने कमी होते. विमा कंपन्या मोठ्या असाव्या लागतात त्याचे कारण हे आहे.

यात एक अट मात्र दडलेली आहे. एका गाडीचा अपघात दुसरीच्या अपघाताशी संबंधित नसावा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या एकाच दिवशी पाण्याखाली गेल्या. अशा वेळी मोठ्या संख्यांचा नियम उपयोगी पडत नाही. म्हणून विमा कंपन्याही आपला विमा दुसऱ्या कंपन्यांकडे उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात.

शुद्ध हप्त्यात कार्यालयाचा खर्च, एजंटाचे कमिशन आणि वाईट वर्षासाठीची शिल्लक मिळवावी लागते. समजा, या सर्वांसाठी हप्त्याचे ३० टक्के लागतात. मग २,००० मध्ये ३० टक्के मिळवून २,६०० घेतले तर चालेल का? करून पाहा. २,६०० चे ३० टक्के म्हणजे ७८० रुपये. उरले १,८२०. भरपाईसाठी लागणाऱ्या २,००० पेक्षा ते कमीच! योग्य रीत अशी की २,००० ला ०.७० ने भागायचे. उत्तर येते सुमारे २,८५७ रुपये. परीक्षेत अशा ठिकाणी पुष्कळांचे गुण जातात. विमा कंपनीचे मात्र पैसे जातात.

सर्वांना एकच हप्ता का नाही?

तुम्ही म्हणाल, हिशेब झाला. सर्वांकडून २,८५७ रुपये घ्यावेत म्हणजे भांडण नको. पण तसे चालत नाही. त्याचे कारण गणितात कमी आणि माणसांच्या वागण्यात जास्त आहे.

खर्च सोडून देऊन शुद्ध हप्त्याचाच विचार करू. त्या १०,००० गाड्यांपैकी निम्म्या मोठ्या शहरातील गर्दीत चालतात. त्यांचा खरा खर्च गाडीमागे ३,००० रुपये आहे. उरलेल्या निम्म्या लहान गावांतल्या आहेत. त्यांचा खर्च १,००० रुपये. सरासरी २,००० बरोबर येते. आता दुसरी कंपनी बाजारात उतरते आणि लहान गावांतल्या मालकांना सांगते, "आमच्याकडे या, १,२०० रुपयांत विमा घ्या." ते अर्थातच तिकडे जातात. पहिल्या कंपनीकडे फक्त शहरी गाड्या उरतात. हप्ता २,००० आणि खर्च ३,०००! तिला हप्ता वाढवावाच लागतो. म्हणजे स्पर्धा असली की कंपन्यांना गट पाडणे भाग पडते. जो गट पाडत नाही त्याच्याकडे जास्त जोखमीची गिऱ्हाइकेच तेवढी उरतात.

आपल्या देशात हे गट कसे पाडले जातात? मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली तर त्याची भरपाई पहिल्या भागातून मिळते. हा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा मोटार वाहन कायदा, १९८८ यानुसार सक्तीचा आहे. दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी. तो ऐच्छिक असतो.

पहिल्या भागाचा दर सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीचे इंजिन १,००० घन सेंटिमीटरपर्यंत असेल तर वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठे असेल तर ७,८९७ रुपये असा हप्ता होता. गाडी कोण चालवतो, त्याचे वय काय, तो सावध आहे की बेफाम, हे या दरांत विचारलेलेच नाही.

दुसऱ्या भागाचा दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवू लागल्या. त्याआधी सर्वांना एकच सरकारमान्य दरपत्रक पाळावे लागे. २००२ च्या त्या दरपत्रकात देशाचे दोन विभाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे पहिल्या विभागात आणि उरलेला सगळा देश दुसऱ्या विभागात. शिवाय गाडीचे वय, इंजिनाचा आकार आणि गाडीची आजची किंमत पाहिली जाई. किंमत ठरवण्यासाठी घसारा धरत. पाच वर्षे पुरी होत आलेल्या गाडीची किंमत निम्मी धरली जाई.

अशा प्रत्येक बाबीसाठी गुणक ठरवतात आणि ते एकमेकांत गुणतात. समजा, मूळ हप्ता २,००० रुपये, मोठ्या शहरासाठी गुणक १.२ आणि गाडी जुनी असल्याबद्दल १.१. मग २,००० × १.२ × १.१ = २,६४० रुपये. त्यावर ३५ टक्के सूट मिळाली तर ०.६५ ने गुणायचे. हप्ता झाला १,७१६ रुपये.

ही ३५ टक्के सूट कसली? येथे आपण गाडी सोडून गाडी चालवणाऱ्याकडे वळतो आणि प्रश्न अवघड होतो.

घोड्याच्या लाथा आणि तोफगोळ्यांचा कारखाना

एखाद्याला गेल्या वर्षी अपघात झाला. तो वाईट चालक आहे की केवळ दुर्दैवी? एका अपघातावरून हे ओळखता येईल का?

१८९८ साली लादिस्लाउस बोर्टकेविच या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या सैन्यातील एक विलक्षण माहिती प्रसिद्ध केली. घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले याची ती नोंद होती. दहा सैन्यदलांच्या वीस वर्षांच्या, म्हणजे एकूण २०० नोंदी त्याने तपासल्या. मृत्यू झाले होते १२२. सगळी दले सारखीच असून मृत्यू निव्वळ योगायोगाने झाले असते तर ते कसे विभागले गेले असते, याचे सूत्र फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ याने १८३७ साली दिले होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा.

एकही मृत्यू नाही: प्रत्यक्षात १०९, सूत्राने १०९
एक मृत्यू: प्रत्यक्षात ६५, सूत्राने ६६
दोन मृत्यू: प्रत्यक्षात २२, सूत्राने २०
तीन मृत्यू: प्रत्यक्षात ३, सूत्राने ४
चार मृत्यू: प्रत्यक्षात १, सूत्राने १

ज्या दलात एका वर्षी चार सैनिक दगावले, त्याच्या सेनापतीला कदाचित निष्काळजी म्हटले गेले असेल. पण आकडे सांगतात की २०० नोंदींत एखाद्या ठिकाणी चार मृत्यू योगायोगानेही होणारच. त्यावरून कोणाला दोष देता येत नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया काम करीत. तोफगोळ्यांचे काम करणाऱ्या ६४७ स्त्रियांना पाच आठवड्यांत किती अपघात झाले, याची नोंद मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी १९२० साली अभ्यासली. (गंमत अशी की 'मेजर' हा ग्रीनवुडचा लष्करी हुद्दा नव्हता, ते त्याचे नावच होते.)

एकही अपघात नाही: प्रत्यक्षात ४४७, सूत्राने ४०६
एक अपघात: प्रत्यक्षात १३२, सूत्राने १८९
दोन अपघात: प्रत्यक्षात ४२, सूत्राने ४४
तीन अपघात: प्रत्यक्षात २१, सूत्राने ७
चार अपघात: प्रत्यक्षात ३, सूत्राने १
पाच अपघात: प्रत्यक्षात २, सूत्राने ०

या वेळी आकडे जुळले नाहीत. एकही अपघात न झालेल्या स्त्रिया अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या आणि तीन वा अधिक अपघात झालेल्याही जास्त निघाल्या. याचा अर्थ असा की अपघाताची शक्यता सर्वांना सारखी नव्हती. ती कोणाला कमी होती, कोणाला जास्त. हा फरक त्या बाईच्या हातामुळे होता की तिच्या वाट्याला आलेल्या यंत्रामुळे, हे मात्र या कोष्टकावरून कळत नाही.

मोटारविम्यातील दाव्यांची अशीच कोष्टके मांडली असता ती घोड्यांच्या लाथांसारखी दिसत नाहीत. ती कारखान्यातील अपघातांसारखी दिसतात. म्हणजे चालकाचे नशीबही खरे आणि चालकाचालकातला फरकही खरा. चालकाच्या पूर्वेतिहासावर विश्वास ठेवावा, पण किती? हा खरा प्रश्न.

एका अपघाताने किती कळते?

याचे उत्तर साध्या हिशेबाने काढता येते. समजा, २०० चालक आहेत. त्यांतले १०० सावध. त्यांना वर्षात अपघात होण्याची शक्यता ५ टक्के. उरलेले १०० बेपर्वा. त्यांना १५ टक्के. कोण कोणत्या गटातला आहे हे कंपनीला दिसत नाही. तिला दिसते ती फक्त सरासरी, १० टक्के.

वर्ष संपले. सावध चालकांपैकी ५ जणांना आणि बेपर्वांपैकी १५ जणांना, अशा २० जणांना अपघात झाला. या वीस जणांकडे नीट पाहा. त्यांतले ५ जण सावध आहेत! पुढल्या वर्षी या वीस जणांत किती अपघात अपेक्षित आहेत? बेपर्वांचे १५ × ०.१५ = २.२५ आणि सावधांचे ५ × ०.०५ = ०.२५. एकूण २.५. म्हणजे १२.५ टक्के.

उरलेल्या १८० जणांत ९५ सावध आणि ८५ बेपर्वा आहेत. त्यांच्यात पुढल्या वर्षी ४.७५ + १२.७५ = १७.५ अपघात अपेक्षित. म्हणजे सुमारे ९.७ टक्के.

एक वर्ष बिनअपघाताचे गेले तर अंदाज १० वरून ९.७ वर येतो, जेमतेम हलतो. एक अपघात झाला तर तो १२.५ वर जातो, दुप्पट होत नाही. सलग पाच वर्षे अपघात झाला नाही तर अंदाज ८.६ पर्यंत उतरतो. एकट्या माणसाचा इतिहास सावकाश बोलतो. म्हणून विमागणितज्ञ माणसाच्या स्वतःच्या अनुभवाला थोडे वजन देतात आणि त्याच्या गटाच्या अनुभवाला उरलेले. वर्षे वाढतील तसे पहिले वजन वाढते. याला विश्वसनीयतेचा सिद्धांत म्हणतात. हान्स ब्यूलमान या स्विस गणितज्ञाने १९६७ साली त्याचे नेटके सूत्र दिले.

आता त्या ३५ टक्क्यांकडे या. भारतात वर्षभर भरपाई मागितली नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. पुढे लागोपाठच्या वर्षांना २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. हाच नो क्लेम बोनस. तो गाडीला चिकटलेला नसतो, मालकाला मिळतो. एकदा भरपाई मागितली की तो शून्यावर येतो.

पण आपल्या उदाहरणात पाच वर्षांनंतर जोखीम १४ टक्क्यांनीच कमी झाली होती. मग सूट निम्मी कशी? कारण हा बोनस केवळ जोखीम मोजत नाही. तो माणसाचे वागणेही बदलतो. समजा, पूर्ण हप्ता ८,००० रुपये आहे आणि बोनसमुळे तुम्ही ४,००० भरता. बंपरला पोचा आला, दुरुस्ती २,५०० रुपयांची. भरपाई मागाल तर पुढल्या वर्षी ४,००० रुपये जास्त भरावे लागतील. शहाणा माणूस दुरुस्ती स्वखर्चाने करतो. अशा हजारो बारीक दाव्यांची कागदपत्रे कंपनीला तपासावी लागत नाहीत. शिवाय पुष्कळांना सूट मिळणार हे धरूनच मूळ दर चढा ठेवलेला असतो. तेव्हा सूट ही मेहेरबानी नव्हे. तो हिशेबाचाच भाग आहे. आणि हेही लक्षात घ्या, की नो क्लेम म्हणजे दावा नाही. त्याचा अर्थ अपघात नाही किंवा चूक नाही, असा होत नाही.

गणिताने न सुटणारा प्रश्न

गट पाडणे व्यवहाराला धरून असले तरी ते न्याय्य आहे का? ब्रिटनमध्ये विमा घेताना चालकाचे वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, परवान्याची वर्षे असे पुष्कळ विचारतात. तरुण चालकांना जास्त अपघात होतात, म्हणून तरुणांना हप्ता जास्त. तुम्ही अठरा वर्षांचे आणि अतिशय सावध असाल तरीही तो जास्तच, कारण तुमचा सावधपणा अजून कोणी पाहिलेला नाही.

पूर्वी तेथे तरुण मुलींना मुलांपेक्षा कमी हप्ता पडे, कारण मुलांचे अपघात जास्त असत. बेल्जियममधील एका ग्राहक संघटनेने विम्यातील अशा भेदाविरुद्ध दाद मागितली आणि १ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने स्त्री-पुरुष भेद करून हप्ता ठरवू नये असा निर्णय दिला. २१ डिसेंबर २०१२ पासून तो युरोपीय संघात आणि त्या वेळी संघात असलेल्या ब्रिटनमध्ये लागू झाला. आकडे चुकीचे होते म्हणून हा निर्णय झाला नाही. जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून एकाला दुसऱ्याच्या चुकीचे पैसे भरायला लावू नये, हे त्यामागचे तत्त्व होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर १९८८ साली जनतेने मतदान करून ठरवले की हप्ता मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असावा. आधी चालकाचा सुरक्षिततेचा इतिहास, मग वर्षात चाललेले अंतर आणि मग अनुभवाची वर्षे.

जुलै २०२२ मध्ये भारतातील विमा नियामक प्राधिकरणाने गाडी किती आणि कशी चालवली यावर हप्ता बेतण्यास परवानगी दिली. गाडीतील उपकरण किंवा मोबाइल फोन वेग, अचानक दाबलेला ब्रेक आणि अंतर नोंदवतो. त्यामुळे सावध चालकाला पाच वर्षे वाट पाहावी लागणार नाही. पण त्याबरोबर आपण कोठे व केव्हा जातो हेही दुसऱ्याला कळू शकते. शिवाय गट जितके बारीक होतील तितका प्रत्येकाने स्वतःचा भार स्वतः उचलण्याकडे कल वाढेल. शेवटी एकेका माणसाचा एकेक गट झाला तर विमा उरणारच नाही. एकाची आपत्ती अनेकांनी वाटून घ्यावी यासाठीच विमा निघाला. किती वाटून घ्यायची आणि किती ज्याची त्याने सोसायची, हे ठरवणे समाजाचे काम आहे. गणित त्या निर्णयाची किंमत तेवढी सांगते.

वर्गात करून पाहा

वर्गातील ४८ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक फासा चार वेळा टाकावा. सहा पडले की अपघात. सूत्राप्रमाणे सुमारे २३ जणांना एकही अपघात होणार नाही, १९ जणांना एक होईल आणि सहा जणांना दोन वा अधिक. या सहा जणांना 'वाईट चालक' ठरवून त्यांची नावे फळ्यावर लिहा आणि सर्वांना पुन्हा चार वेळा फासे टाकू द्या. नावे टिकतात का, ते पाहा.

मग प्रयोग बदला. शिक्षकांनी निम्म्या विद्यार्थ्यांना चिठ्ठीने गुपचूप सांगावे की तुमच्यासाठी पाच पडले तरीही अपघात. कोणाला काय सांगितले हे इतरांना कळू देऊ नये. प्रत्येकाने आपले अपघात तेवढे जाहीर करावेत. एक विद्यार्थी विमा कंपनी होईल. चार फाशांनंतर त्याने 'बेपर्वा' चालक ओळखून दाखवावेत. मग आठ आणि सोळा फाशांनंतर पुन्हा ओळखावेत. किती ओळखी बरोबर आल्या आणि किती सावध विद्यार्थ्यांवर नाहक आळ आला, हे दर वेळी मोजून ठेवा. तो आळ पूर्णपणे नाहीसा व्हायला किती फासे टाकावे लागतात, याचा तक्ता करून वर्गात लावा.